काळा पडदा आणि कुंभारणीचं घर

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला बसवायचं कुठे यावरून तीन दिवस वाद झाला. समोरच्या खोलीत तथागतांचा फोटो आणि त्याखाली बाबांची खुर्ची, तिथे जागा नव्हती. स्वयंपाकघरात धूर. शेवटी मधल्या खोलीत, धानाच्या ढोलीला, म्हणजे कणगीला, लागून, भिंतीकडे पाठ करून तो बसला, आणि त्या दिवसापासून आमच्या कॉम्प्युटरला धानाचा वास यायला लागला. की-बोर्ड उलटा करून झटकला की कोंडा पडायचा. चंद्रपुरात फोटो स्टुडिओ बंद करणाऱ्या एका माणसाकडून दादाने तो जुना घेतला होता. "याच्यात फोटोसाठी अलग कार्ड टाकलं हाय," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, बैलाचे दात दाखवावेत तसं. त्या कार्डाचं काय करायचं असतं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी चंद्रपूरला होस्टेलवर राहून बी.ए. करत होते आणि घरची हुशार समजली जात होते, पण मलाही नव्हतं.

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांचा कॉम्प्युटरवर फारसा विश्वास नव्हता, पण त्याच्या जिवाची काळजी फार. शेजारच्या घरचा टीव्ही वीज पडून जळाला तेव्हापासून आभाळात कुठे गुरगुरलं की बाबा उठायचे आणि कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी मागून उपटून काढायचे. नुसता प्लग काढून त्यांचं समाधान होत नसे. स्क्रीनची वायर, माउसची वायर, स्पीकरची वायर, सगळ्या काढून ते त्यांची जुडी बांधून ढोलीवर ठेवत. मग आभाळ निवळलं की दादा नाहीतर वहिनी त्या परत खोचत. आमच्या भागात पावसाळाभर हे चालायचं. आता माझ्या घरी वीज कडाडली तरी मी लॅपटॉपवर काम करत बसते, आणि तरीही हात एकदा वायरीकडे जातोच.

वहिनी एटापल्लीकडची. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. दादा वणीकडे खाणीवर कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा, त्यामुळे घर खऱ्या अर्थाने आई, बाबा आणि वहिनी या तिघांचंच होतं. वहिनी बारावी शिकलेली, टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि माहेरच्या शेजारपाजारामुळे गोंडी इतकी सफाईने बोलायची की आमच्या गावची म्हातारी गोंड माणसं तिला आपलीच समजायची. गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क मागायचा दावा करायचं ठरवलं, बाबा त्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि लिहिण्याचं काम आपोआप वहिनीकडे आलं. दाव्याला जुन्या माणसांचे जबाब लागत: कुठल्या पहाडीवरून बांबू आणायचो, मोहफुलं कुठे वेचायचो, कुठला रस्ता, कुठला नाला, आजोबा काय करायचे. वहिनी एकेका म्हाताऱ्याला घरी बोलवायची. तो ढोलीला पाठ टेकून बसायचा, आई त्याला काळा चहा द्यायची, तो बोलायचा आणि वहिनी ऐकता ऐकता थेट कॉम्प्युटरवर उतरवायची. तीन महिने ही बैठक चालली. वही नव्हतीच, सगळं त्या डब्यात. सत्तरच्या वर जबाब झाले होते. सोमवारी ग्रामसभा होती, त्यात जबाबांचे छापील कागद वाचून त्यावर अंगठे घ्यायचे आणि फाइल येणाऱ्या साहेबाच्या हातात द्यायची. ही तारीख आधी दोनदा पुढे गेली होती. जबाब दिलेल्यांपैकी दोघं तोवर वारलेही होते.

आणि नेमका त्या आठवड्यात विंडोजने जीव टाकला. कुणाच्यातरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, फाइली गायब झाल्या, मग ते सुरू होईना. निळा पडदा, बंद, पुन्हा सुरू, पुन्हा निळा. मी दिवाळीआधीच्या सुट्टीत घरी निघाले होते. चंद्रपुरातली माझी मैत्रीण शबाना म्हणाली, "घाबरू नको, फाइली गेल्या नसतात, लपल्या असतात. याच्यात लिनक्स टाक. विंडोजच्या बाजूलेच बसते, त्याले हात नाई लावत. व्हायरस त्याले काही करत नाई. त्यातून फाइली काढ." शबानाच्या वडिलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, आणि तिचा स्वभाव तसाच: काहीही उघडून बघायचं. तिने मला सीडी दिली आणि दोन कागदांवर पायऱ्या लिहून दिल्या. मी ती सीडी ओढणीत गुंडाळून मूल गावापर्यंत एसटीने आणि पुढे काळीपिवळी जीपने आणली, आणि घरी पोचल्यावर वहिनीला छाती पुढे काढून सांगितलं, "वहिनी, उद्या दुपारपर्यंत तुमचे जबाब तुमच्या हातात." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी सकाळी मी ते काम केलं. सीडीवरून लिनक्स बसवण्याचं काम छान सुरू झालं, तपकिरी रंगाचा पडदा आला, आम्ही सगळ्यांनी तो कौतुकाने पाहिला. बाबा म्हणाले, "मातीसारखा रंग हाय, बरा हाय." मी कागदावरच्या पायऱ्या एकेक करत गेले, विंडोजच्या बाजूला जागा करून दिली, आणि तासाभराने 'आता पुन्हा सुरू करा' असं आलं. केलं. आधी दोन नावांची यादी आली, वर लिनक्स, खाली विंडोज. वरचं निवडलं. आणि पडदा काळा झाला. मी पाच मिनिटं थांबले, दहा थांबले. आई जेवायला हाका मारत होती, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि अंबाडीची भाजी केली होती माझ्यासाठी. मी जेवून आले, तरी काळाच. यादीतून खालचं निवडलं तर विंडोज आपलं निळं होऊन बंद पडत होतं. म्हणजे आधी एक बिघडलेलं होतं, आता दोन झाली. आगीतून निघून मी फुफाट्यात उभी होते, आणि सोबत वहिनीला घेऊन.

सगळ्यात चीड कशाची आली असेल तर त्या आवाजाची. पडदा काळा ठिक्कर, पण मिनिटभराने स्पीकरमधून ढोलकीवर थाप मारल्यासारखा आवाज यायचा. म्हणजे आत सगळं सुखरूप चालू होतं! मशीन जागं होतं, आपल्या हुकमाची वाट बघत होतं, फक्त तोंड दाखवत नव्हतं. बाबा प्रत्येक वेळी तो आवाज ऐकून आत यायचे.

"आवाज तं येऊन राह्यला ना वो?"

"येते ना बाबा."

"मंग चालूच हाय थे. काऊन एवढी तणतण करून राह्यली?"

"दिसत नाई ना काही!"

"रेडिओत काय दिसते? तरी चालते ना?"

मी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा थाप. त्या दिवशी मी ते अठरा-वीस वेळा तरी केलं असेल. वहिनी मागे उभी होती. ती दर वेळी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची, आणि तेच मला जास्त लागत होतं. तिने ओरडायला हवं होतं.

शनिवारी शबानाला फोन लावायचं ठरलं. आता यात अडचण अशी की आमच्या घरात मोबाइलची रेंज नव्हती. ती मिळायची गोठ्यामागच्या बांधावर, तीही एका ठरावीक दगडावर उभं राहून, तोंड मूलच्या दिशेला करून. आणि कॉम्प्युटर तर मधल्या खोलीत. मग अशी साखळी लागली: मी दगडावर, बाबा आंगणात, आई दारात, वहिनी कॉम्प्युटरपुढे. शबाना मला सांगणार, मी ओरडून बाबांना, बाबा शिक्षकी आवाजात आईला, आई वहिनीला. उत्तर याच वाटेने उलटं. शबाना म्हणाली, यादीवर असताना 'ई' दाब. मी ओरडले, बाबा ओरडले, आई आत जाऊन सांगून आली. मग शबानाने एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला, तो ओळीच्या शेवटी लिहायचा होता. मी एकेक अक्षर ओरडत होते आणि बाबांना मात्र आधी त्या शब्दाचा अर्थ हवा होता.

"याचा अर्थ काय होते?"

"बाबा, अर्थ नोका इचारू, सांगा फक्त!"

"अर्थ समजल्याबिगर मी पोरायले कधी शिकवलं नाई."

इकडे फोनचे पैसे आणि माझं डोकं, दोन्ही संपत आलं होतं. बाबांनी ती अक्षरं शेवटी आंगणातल्या मातीत काढली, आईने ती बघून तव्याच्या काजळीने तळहातावर उतरवून आत नेली, आणि माझ्या अशिक्षित आईने काढलेली ती अक्षरं वहिनीला बरोबर वाचता आली. सगळं अगदी जसंच्या तसं लिहिलं गेलं. पडदा एकदा लुकलुकला. आईने दारातून दोन्ही हात वर केले, बाबांनी टाळी वाजवली, मी दगडावरून उडी मारली. आणि आतून वहिनीचा आवाज आला, "काळाच झाला जी." त्या पाठोपाठ ती ढोलकीची थाप. मला तो डबा उचलून विहिरीत टाकावासा वाटला.

दिवसभर असे सतरा उपाय झाले. गावातही बातमी पसरली होती की मास्तरांच्या पोरीने कॉम्प्युटर बिघडवला. जबाब देऊन गेलेले एक-दोन म्हातारे चौकशीला येऊन गेले. एकाने विचारलं, "मंग आमी बोललो थे कुठी गेलं?" मी म्हटलं, "आतच हाय आजोबा." तो काळ्या स्क्रीनवरून एकदा हात फिरवून गेला. त्याला मी परत बोल म्हणू शकले असते. पण जे दोघं वारले होते त्यांना कोण परत बोलायला लावणार होतं? वहिनी तेव्हा चुलीपुढे बसून भात वैरत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "ताई, पह्यला जबाब ज्या बुढीचा होता ना, थे आता नाई. मी तिले म्हणलं होतं, तुमचं बोलणं कागदावर येईन." एवढंच. मग तिने पदराने डोळे पुसले आणि धुराचं निमित्त केलं.

रविवारी सकाळी मी परत दगडावर गेले. शबानाने रात्रभर विचार केला होता म्हणे. ती म्हणाली, "तू मले एक सांग. डब्याच्या मागं स्क्रीनची वायर खोचायला एकच जागा हाय की दोन?"

"मले काय माहीत? मागं भिंत हाय."

"अगं, वेगळं कार्ड हाय म्हणते ना तुहा दादा? मंग दोन असतीन. एक वरती, एक खालती कार्डाची. लिनक्स चित्र खालच्या जागेतून पाठवून राह्यलं असन आणि तुमची वायर वरतीच असन. खालती लाव, बस. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम! मी बांधावरून धावतच ओरडले, "बाबा, डबा फिरवा! वायर दुसऱ्या जागेत लावायची हाय!" आणि काय झालं, तर काहीच झालं नाही. बाबा आंगणात खांबासारखे उभे राहिले. आई दारातून आत गेली. मी घरात शिरले तर आई कॉम्प्युटरच्या टेबलापुढे उभी, हात पसरून, गाय खळ्यात शिरताना अडवावं तशी.

"मागं जाऊ नोको," आई म्हणाली.

"काऊन?"

"नोको म्हणतो ना मी."

डब्याच्या मागच्या बाजूला जुन्या साडीचा पडदा लावलेला होता. धुळीसाठी असेल असं मी दोन दिवस समजत होते. मी तो खालून उचलला. खालच्या जागेवर, त्या कार्डाच्या भोकांवर, मातीचं एक घर होतं. कुंभारीण माशी ओल्या मातीचं करते ना, लहान लहान मडकी एकमेकांना चिकटवल्यासारखं, ते. चांगलं मुठीएवढं. वायरीचं टोक तिथे जाणं शक्यच नव्हतं.

मग एकेक उलगडा होत गेला. पावसाळ्यात बाबांनी आभाळ गुरगुरलं म्हणून वायरी काढल्या होत्या, आणि त्या वेळी आई-बाबा आणि वहिनी आठवडाभर वहिनीच्या माहेरी गेले. तेवढ्यात कुंभारणीने रिकामी भोकं बघून तिथे संसार थाटला. दादा आला, त्याने पाहिलं, तो ते खरवडणार तर आईने त्याचा हात धरला. कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, ते मोडायचं नाही, आणि त्याबद्दल बोलायचंही नाही, बोललं की नजर लागते. सहा वर्षं वाट बघणाऱ्या घराला आणखी काय हवं होतं? दादाने स्टुडिओवाल्याला फोन करून, तो सांगेल तसं आत काहीतरी बदलून वायर वरच्या जागेत लावली. विंडोज त्यावर निमूट चालू लागलं. आणि मग घरात अळीमिळी गुपचिळी. मी दोन दिवस त्या पडद्यापुढे कपाळ आपटत होते, बांधावरून गळा फाडत होते, हे तिघंही साखळीत उभे राहून अक्षरं पोचवत होते, आणि घोडं कुठे पेंड खातंय हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं!

मी भडकले. आईवर नाही, बाबांवर. आयुष्यभर हा माणूस गावात लिंबू-मिरचीविरुद्ध भाषणं देत आला होता. कुणाच्या अंगात आलं की बाबा तिथे जाऊन वाद घालायचे. "बाबा, तुमी? तुमाले हे पटते?" मी विचारलं. बाबांनी घसा खाकरला.

"हे बघ, प्रज्ञा. पटण्याचा प्रश्न नाई. आत जीव हाय. पंचशील काय सांगते? पह्यलं शील कोणतं?"

"पंचशील नोका सांगू मले! डास मारताना कुठी जाते शील?"

"डास चावते. थे बिचारी चावते काय?"

"बाबा, तुमाले नातू पाह्यजे म्हून तुमी आता शील सांगून राह्यले!"

हे मी बोलायला नको होतं. बाबा खाली बघू लागले, आई रडायला लागली, आणि मी तरीही थांबले नाही. उद्या ग्रामसभा, सत्तर माणसांचे जबाब, मेलेल्यांचे शब्द, आणि तुम्ही एका माशीचं घर राखत बसलात, असं मी बरंच काही बोलले. आई एवढंच म्हणत होती, "तुले नाई समजत माय, तुले नाई समजत." आज लिहिताना वाटतं, आई, बाबा आणि मी, तिघांपैकी कुणाची चूक सगळ्यात मोठी होती ते ठरवणं कठीण आहे, पण त्या क्षणी माझ्याएवढं मोठ्याने कोणीच बोलत नव्हतं हे खरं. आणि त्या सगळ्या बोलण्यात वहिनीला कोणी काही विचारलं नव्हतं. ज्या पोटासाठी हे चाललं होतं ते तिचं, आणि ज्या कामासाठी चाललं होतं तेही तिचंच.

वहिनी चुलीजवळून उठून आली. हात पुसले. आईला तिने हाताने बाजूला केलं, जोर न लावता, आणि ती सरळ टेबलामागे जाऊन बसली. अंबाड्यातला आकडा काढला. आई "रत्ना, नोको" म्हणाली, तोवर तिने आकड्याने माती उकलायला सुरुवात केली होती. माती कोरडी होती, खपल्या पडल्या. वहिनीने एक तुकडा तळहातावर घेतला आणि आम्हाला दाखवला. त्याला एका बाजूने गोल भोक होतं, पेन्सिलीने पाडल्यासारखं. दुसऱ्या मडक्यालाही तसंच. आत काहीच नव्हतं, माशीने पिल्लांना खायला आणलेल्या कोळ्यांची थोडी वाळलेली टरफलं होती.

"मामाजी, आत जीव नाई," ती बाबांना म्हणाली. "पिल्लं कवाचीच उडून गेली." मग आईकडे वळली. "आई, मी हे महिनाभर आधीच पाह्यलं होतं. रोज झाडताना पाहो. तुमी रोज सकाळी इथी येऊन बघत होत्या ना, म्हून बोलली नाई."

मला तेव्हा रडू आलं, रागाचं का कशाचं ते सांगता येणार नाही. वहिनीने फुंकर मारून भोकं साफ केली, जुन्या दातांच्या ब्रशने माती काढली, वायर खालच्या जागेत लावली आणि मला म्हणाली, "ताई, करा चालू." मी बटण दाबलं. या वेळी यादी आलीच नाही, ती वरच्या जागेतूनच जात असावी; नुसता काळा पडदा. मिनिटभराने थाप वाजली आणि तिच्यासोबत तो तपकिरी मातीचा रंग सबंध पडद्यावर पसरला. शबानाचं खरं होतं. फाइली गेल्या नव्हत्या, लपल्याच होत्या. विंडोजची जागा उघडली तर सगळे जबाब नावानिशी ओळीने उभे. वहिनीने सगळ्यात आधी त्या वारलेल्या म्हातारीचा उघडला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मनातल्या मनात वाचला. मग सगळ्यांच्या प्रती पेन ड्राइव्हवर आणि सीडीवर काढायला घेतल्या. बाबा म्हणाले, "दोन प्रती करा," आणि आम्ही तीन केल्या.

त्या दिवशी आई दुपारी जेवली नाही. बाबांनी एकदा हाक मारली, दोनदा मारली, ती गोठ्यातच. झिंग्यांची चटणी केली होती, जी एरवी घरात पुरत नसे, ती तशीच राहिली. मी माफी मागायला गेले तर ती शेणाच्या गोवऱ्या उगाच इकडच्या तिकडे करत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, झालं, एक पडदा उजळला आणि दुसरा काळा झाला, आता हा किती दिवस राहील देव जाणे. देव आम्ही मानत नाही, पण अशा वेळी तोंडात येतोच.

उन्हं कलताना आई हातपाय धुऊन मधल्या खोलीत आली. वहिनी कॉम्प्युटरपुढे बसून जबाबांना क्रमांक देत होती, उद्या सकाळी मूलला जाऊन छापून आणायचे म्हणून. आई ढोलीला पाठ टेकून खाली बसली, ज्या जागी ते सगळे म्हातारे बसत आले होते त्याच जागी. तीन महिने तिने तिथे बसणाऱ्यांना चहा दिला होता. मग म्हणाली, "रत्ना, यात माहा जबाब हाय काय?"

वहिनीचे हात थांबले. "नाई, आई."

"काऊन नाई?"

बाबांनी जबाब देणाऱ्यांची यादी केली होती आणि आपल्याच घरातल्या साठीला टेकलेल्या बाईचं नाव त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

"लिव मंग," आई म्हणाली.

वहिनीने नवीन पान उघडलं. आईने नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं. मग कुठल्या पहाडीवर मोह कधी गळतो, कुठल्या नाल्याकाठी कोणता कंद मिळतो, टेंभुर्णीचं पान कुठलं मऊ, ते ती सांगत गेली. एवढं की बाबा दारात येऊन उभे राहिले आणि ऐकत राहिले. जंगलातली प्रत्येक वाट तिला तोंडपाठ होती. वहिनीने, इतरांना विचारायची तसंच, तिलाही विचारलं, "तुमाले एवढं कसं माहीत, आई?"

"लगन झाल्यावर अकरा वर्षं मले पोर नव्हतं," आई म्हणाली. "घरी बसलं की बाया इचारत. सासू बोले. म्हून मी पहाटेच टोपली घेऊन जंगलात जाओ आणि अंधार पडल्यावर येओ. अकरा वर्षं मी जंगलातच काढली. तिथी मले कोणी काही इचारत नव्हतं."

मी एकवीस वर्षांची होते. दादाच्या आधीची ती अकरा वर्षं मला कोणी कधी सांगितली नव्हती, आणि सकाळी ती 'तुले नाई समजत' म्हणत होती तेव्हा मी ऐकून घेतलं नव्हतं. बाबांनी मान फिरवली. वहिनीने आईकडे न बघता, हळू आवाजात विचारलं, "हे बी लिवू काय, आई?"

"लिव," आई म्हणाली. "खरं हाय थे."